अर्धा कोयता

५ नोव्हेंबर, रविवार

पोरींनी आज ही वही माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाल्या, आजी, आता रोज थोडं लिहायचं. साक्षरतेच्या वर्गाला जाऊन एस.टी.ची पाटी वाचायला लागले, साबणाच्या वडीवरचं नाव वाचायला लागले, मला वाटलं झालं आपलं शिक्षण. पण अश्विनी म्हणाली, "लिवलं न्हाई तर गंजशील." अशी बोलते. माझी नात आहे ती, नववीत. वाडीवरून पायी खर्ड्याच्या हायस्कूलला जाते. तिचा निबंध सरांनी वर्गात वाचून दाखवला तेव्हा मी अख्ख्या वाडीला सांगून आले. काही जणींना दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्यांनी नीट ऐकलं नाही असं मला वाटलं.

वही उघडून "आज रविवार हाय" लिहिलं तर सविता खुदकन हसली. "आजी, बोलताना हाय. लिहिताना आहे." मग खोडून आहे केलं. सविता शेजारच्या रतनची लेक, ती पण नववीतच. अश्विनीला दम नाही, एक अक्षर दोनदा विचारलं की कपाळाला हात लावते. सविता मात्र माझा हात धरून वळण गिरवून घेते.

दिवाळी झाली आणि गाड्या हलल्या. माझा लेक रंभाजी आणि सून, रतन आणि तिचा मालक गहिनीनाथ, सगळे सूर्यभान मुकादमाच्या टोळीतून खाली नदीकाठच्या कारखान्याला ऊस तोडायला गेले. आता उन्हाळ्यापर्यंत वाडीत म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि शेळ्या. मी पण सगळी हयात उसात मोळ्या बांधल्या. गुडघे धरले तशी घरी राहिले. ट्रक सुटायच्या वक्ताला रतन खाली उतरली आणि सविताचा हात माझ्या हातात दिला. "आत्या, तुमच्या जिवावर ठिवून चालले."

मी म्हणाले, "बिनघोर जा. मला एक नात हुती, आता दोन झाल्या."

ट्रक दिसेनासा होईपर्यंत दोघी हात हलवत होत्या. मी पण हलवला. मग आठवलं की चुलीवर दूध होतं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

आज हायस्कूलच्या जावळे बाई लूनावर बसून वाडीत आल्या. त्या गाडीचा आवाज ऐकून म्हाताऱ्या कडूबाईची शेळी दावं तोडून पळाली, ती पोरांनी ओढ्यातून धरून आणली. बाई नगरकडच्या, वडील तिथंच नगरजवळच्या नागापूरच्या कंपनीत कामाला. खर्ड्यात खोली घेऊन एकट्या राहतात. मी विचारलं, भीती नाही वाटत का. म्हणाल्या, वाटते, म्हणून तर कडी दोनदा लावते.

मारुतीच्या देवळापुढं आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांना बसवलं. म्हणाल्या, "आजी, आईबाप उसाला गेले की पोरींची राखण तुमच्याकडं. गेल्या साली दिवाळीनंतर मुलींची बाकं रिकामी झाली. एकही दुखण्यानं गेली नाही, सगळ्या लग्नानं गेल्या. कुणी बघायला आलं, कुणी नुसतं वय विचारलं, तरी मला निरोप धाडायचा. पोरगी शाळेत दिसली नाही तर मी दारात येणार."

कडूबाई म्हणाली, "पोरींना काय दाव्याला बांधायचं व्हय?"

"तुमची शेळी तर दाव्याला बांधूनही पळाली," बाई म्हणाल्या. लई हसलो. कडूबाई पण हसली, पण जरा उशिरा.

मी सगळ्यांत मोठ्यानं शब्द दिला. म्हणाले, "बाई, माझ्या घरात दोन पोरी हायेत, तिकडं तुमी बघायचंच न्हाई." बाईंनी माझा हात हातात घेतला. एवढी शिकलेली बाई, पण हात खरबरीत, खडूनं.

१९ नोव्हेंबर, रविवार

आज फार आनंदाचा दिवस. माझी अश्विनी शहाणी झाली.

सकाळी कानाशी येऊन म्हणाली, "कुनाला सांगू नको." मी म्हणाले नाही सांगत. ती म्हणाली, "बाई म्हनल्या, ही आपली आपली गोष्ट असती, गाजावाजा करायचा न्हाई. शपथ घे." शपथ घेतली. खरं सांगते, शेरडं चरून परत येईस्तोवर दम धरला. मग राहवेना. पोरीला न्हाण आलं आणि तिची ओटी भरली नाही तर मोठी झाल्यावर काय म्हणेल? आजीनं काहीच केलं नाही म्हणेल.

पण मी अशी कपाळ पांढरं झालेली बाई, माझ्या हातानं ओटी चालत नाही. सवाष्णी पाहिजेत. आणि वाडीत सवाष्णी कुठं? कुंकवाच्या सगळ्या बाया नवऱ्याबरोबर उसाला. राहिली एकटी कडूबाई, तिचा म्हातारा अजून आहे, खोकतो पण आहे. मग पलीकडच्या वस्तीवर केशरबाईला निरोप धाडला. सूर्यभान मुकादमाची बायको. मुकादमाची असल्यामुळं तिला ऊस तोडावा लागत नाही, बारा महिने घरीच. आली बिचारी लगेच, हिरवा खण आणि नारळ घेऊन. येताना आणखी दोघी आणल्या.

सविता धावपळ करत होती, पाट मांडला, रांगोळी काढली. अश्विनी पाटावर बसली ती मान खाली घालून. केशरबाईनं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं, मग हात हातात घेऊन तळवे बघितले. म्हणाली, "घट्टे न्हाईत अजून." मी म्हणाले, "कसे असतील? माझी पोरगी पेन धरती." केवढा अभिमान वाटला मला.

लापशी चांगली झाली होती. अश्विनीनं खाल्ली नाही. लाजली असेल.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

केशरबाई पुन्हा आली होती. पोरी शाळेतून यायच्या सुमाराला आली. चहा दिला. तिनं गुडघे विचारले, शेळी विचारली, मग म्हणाली, "चांगुणामावशी, आमच्या वाल्मिकचं काहीतरी बघितलं पाहिजे."

वाल्मिक म्हणजे मुकादमाचा पुतण्या. बाप्या झाला, मिसरूड चांगलं जाड आलंय. उसाच्या कामाला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. एकटा असला की अर्धा कोयता, त्याला कुणी धड टोळीत घेत नाही. वाल्मिकची बहीण त्याच्याबरोबर जायची, तिचं लग्न झालं. आता तो अर्धा पडलाय आणि मुकादमाची तोड मागं राहतेय.

"पौष लागायच्या आत उरकू," केशरबाई म्हणाली. "तिकडंच, टोळीवर, कोपीच्या दारात. सगळं आमी बघतो. तुमी फकस्त पोरगी टेम्पोत बशिवायची."

कोपी म्हणजे तोडणीवरची पाचटाची, उसाच्या वाळल्या पाल्याची झोपडी. खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं, मुकादमाच्या घरून मागणी आली म्हणून. मग अश्विनीचा निबंध आठवला. पण मुकादमाच्या बायकोला तोंडावर नाही कसं म्हणायचं? लेकानं त्याची उचल घेतलीय, हंगामाचे पैसे आधीच. नाही म्हटलं आणि त्यानं रंभाजीला टोळीतून काढलं तर?

तेव्हा मला सुचलं. मी म्हणाले, "केशरबाई, आमची नुसती दिसायला उफाड्याची. आतनं पोकळ. घागर आणली की धापा टाकती. मोळी डोक्यावर घिऊन गाडीच्या फळीवर चढायचं तिचं काम न्हाई. वाल्मिकलाच मागनं भोगावं लागंल."

"मंग?"

"मंग काय. अंगापिंडानं म्हनाल तर ही रतनची सविता. कामाला वाघीण हाय."

बरं सुचलं. मुकादमीनबाईचं मनही मोडलं नाही आणि आमची पोरही सुटली. तोवर दोघी शाळेतून आल्या होत्या. सविता अंगणात शेळीला पाणी पाजत होती. केशरबाई जाताना तिच्याशी थांबून बोलली. काय बोलली ते मी विचारलं नाही. सविताची आई तिकडं आहे, बाप तिकडं आहे, ते बघतील. नाही म्हणायचं तर ते म्हणतील.

वांग्याची भाजी करायची म्हणून उठले तर मीठच विसरले.

४ डिसेंबर, सोमवार

सविताच्या हातात हिरव्या बांगड्या आल्या. केशरबाईनं भरल्या. रतन आणि गहिनीनाथ राजी आहेत म्हणून सांगितलं. पुढल्या शुक्रवारी मुकादम पीठ-मीठ न्यायला टेम्पो घेऊन येणार, त्यात सवितानं जायचं.

मी भाकरी थापत होते. सविता समोर बसली होती, बांगड्या एकावर एक सारत. "आजी, केशरबाईला माजं नाव कुनी सांगितलं?"

"काय ठावं. बाया बघत असत्यात."

"मी तर त्यांच्या वस्तीवर कदी गेलेच न्हाई."

भाकरी करपली. सविता उठून गणितं सोडवायला बसली. वर्ग सोडायला निघालेली पोरगी, पण गणितं सोडवत होती. संध्याकाळी माझा हात धरून 'ज्ञ' गिरवून घेतला, तो राहिला होता. म्हणाली, "आजी, हात का वढून घेतला?" मी म्हणाले, थंडी.

थंडी आहेच म्हणा.

मी स्वतःला सांगते, माझं लग्न हिच्यापेक्षा लवकर झालं. मला काय झालं? पहिलं मूल कोपीत, पाचटावर झालं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. मग रंभाजी झाला. हे आज कशाला लिहिलं मला कळत नाही.

११ डिसेंबर, सोमवार

सविता शाळेत जायची बंद झाली. केशरबाई म्हणाली उन्हात फिरवू नका. म्हणजे बाई येणार हे मला माहीत होतं, आणि त्या आल्या. लूनाचा आवाज ओढ्यापलीकडून आला तशी मी दारात जाऊन उभी राहिले.

"आजी, सविता कुठंय?"

"ताप हाय तिला." माझ्या तोंडातून कसं बाहेर पडलं कुणास ठाऊक. लई सोपं पडलं.

"बघू."

"आत्ताच डोळा लागलाय."

सविता दाराआड बाजरी निवडत होती. सुपाचा आवाज थांबला. बाई ऐकत उभ्या राहिल्या, मग पर्समधून तापाच्या गोळ्या काढून माझ्या हातात ठेवल्या. "जेवल्यावर द्या. आठवडाभरात नाही आली तर मी पुन्हा येते." आणि गेल्या.

मी खरं का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर बाईंनी विचारलं असतं, नाव कुणी दिलं. एवढ्यासाठी. लिहिल्यावर ते फार बारीक दिसतं.

आत गेले तर सविता माझ्याकडं बघत नव्हती, सूप झाडत होती. म्हणाली, "बरं केलं आजी. बाईला बगून मला रडू आलं असतं." तिला वाटलं मी तिच्यासाठी खोटं बोलले.

१३ डिसेंबर, बुधवार

अश्विनी माझ्या हातची भाकरी खात नाही. आज विचारलं, काय झालं तुला.

म्हणाली, "मी भिताडाआड हुते तवा. केशरबाई माज्यासाठी आली हुती. तू सवीचं नाव घेतलंस."

मला वाटलं होतं पोरी यायच्या आत झालं सगळं. मी म्हणाले, "तुला वाचवायला घेतलं."

"म्हाईत हाय." मग तिचं तोंड वाकडं झालं. "आन् मला बरं वाटलं ना. ऐकलं तवा मला बरं वाटलं. सवी माज्याशेजारी झोपती आन् मी गप बसले. त्याची शिसारी येतीया मला, आजे."

हे माझ्या पोरीला मी शिकवलं. निबंध लिहिणाऱ्या पोरीला.

१४ डिसेंबर, गुरुवार

काठी घेऊन खर्ड्याला गेले. गुडघ्यानं लई सतावलं, पण गेले. हायस्कूलच्या आत मी कधी गेले नव्हते. बाईंचा तास चालू होता, मी लिंबाखाली बसून राहिले. पोरं खिडकीतून बघून हसत होती, एक म्हणाला, "बाई, पाचवीत नवीन भरती आलीय." चांगला चावट होता. एरवी मी त्याला उत्तर दिलं असतं.

बाई आल्या. मी सगळं सांगितलं. ओटीचं, केशरबाईचं, सविताचं नाव, ताप. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खाली बघत म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं शब्द दिला होता, आजी. म्हणून तुमच्याकडं मी सगळ्यांत कमी यायचे."

मी काठीनं लिंबाचा पाला बाजूला सारला.

"टेम्पो कधी येणार?"

"उद्या."

"उद्या मी येते," बाई म्हणाल्या. "पण आईबापच राजी आहेत म्हटल्यावर मुकादम माझं किती ऐकेल ते मला माहीत नाही. तुम्हाला खोटा धीर देत नाही."

लूनावर मागं बसवून वाडीपर्यंत सोडलं. मी त्यांचा पदर गच्च धरला होता, पडायच्या भीतीनं.

१६ डिसेंबर, शनिवार

काल काय झालं ते आज लिहिते. कुठं बसून लिहिते ते शेवटी.

मुकादम टेम्पो घेऊन आला. सविता बोचकं घेऊन ओट्यावर बसली होती, अश्विनीनं तिचा दंड सोडला नव्हता. बाईंनी लूना टेम्पोपुढं आडवी लावली होती आणि पोलीस पाटलाला आणलं होतं. त्यानं घसा खाकरण्यापलीकडं काही केलं नाही.

सूर्यभान म्हणाला, "बाई, तुमी शाळा बगा. ऊस आमी बगतो."

"पोरगी चौदाची आहे. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे. लावून देणारे म्हणून तुमचं नाव मी पहिलं घालीन."

"घाला. मला काय हौस हाय व्हय? आईबाप राजी हायेत. माजा वाल्मिक बिनजोडीचा पडलाय. तोड मागं राहिली तर कारखाना मला इचारतो, तुमाला इचारत न्हाई." मग हसून म्हणाला, "त्याला जोडीदार द्या. पोरगी हितंच सोडतो. बोला, देता? का तुमीच येता?"

टेम्पोवाला हसला. बाईंचं तोंड लाल झालं.

मी ओट्यावरून उठले आणि म्हणाले, "थांब मुकादम. लुगड्याची जोडी घिऊन येते."

"कशाला मावशे?"

"वाल्मिकला जोडीदार पायजे ना. मी येते."

मग मात्र सगळे हसले, पोलीस पाटील पण. सूर्यभान म्हणाला, "आरं तिच्या! वाल्मिकला चौदाची दावली आन् पाठिवली पन्नाशी उलटलेली!"

मी म्हणाले, "तुला मोळी बांधायला नवरी लागती का बाई लागती? तुजी आई आन् मी एका फडात व्हतो. तिला इचार माजी मोळी कदी सुटली का. पट्टा पडंपत्तुर, कारखाना बंद हुईस्तवर मी त्याची जोडी. पोरीचं नाव काडायचं न्हाई."

"आन् गुडघं?"

"गुडघं माजं हायेत. तुज्याकडं मागायला येनार न्हाई."

तो हसायचा थांबला. बाई लगेच पुढं झाल्या. "ऐकलंत ना? जोडीदार मिळाला. आता लग्नाचं कारण काय राहिलं ते सांगा, मी लिहून घेते." सूर्यभान टेम्पोच्या चाकाकडं बघत राहिला. त्याला माणूस पाहिजे होतं, ते मिळालं. पोरीसाठी बाईशी वैर घ्यायला तो खुळा नव्हता. म्हणाला, "बसा मावशे. पन रडायचं न्हाई मागनं."

शेळ्या कडूबाईकडं दिल्या. दोघी पोरींना बाई आपल्या खोलीवर घेऊन गेल्या. निघताना सविता माझ्या पाया पडली, मिठी मारून रडायला लागली. "आजी, माज्यासाठी एवढं कोन करतं?" तिच्या खांद्यावरून अश्विनी माझ्याकडं बघत होती. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. टेम्पोनं हॉर्न दिला. मी चढले.

आता कोपीच्या दारात बसून लिहिते आहे. पाचटाची कोपी, पाचटाचं अंथरूण. वास तोच आहे.

२४ डिसेंबर, रविवार

पौष लागला. आता महिनाभर कुणी लग्नाचं नाव काढत नाही, तेवढी शांतता.

हात फाटले. वाढ्यांनी दोन्ही दंड कापलेत, उसाची ही वरची पानं करवतीसारखी असतात, विसरले होते. वाल्मिक भला आहे. मान खाली घालून तोडतो, मला मावशी म्हणतो, गाडी भरताना फळीवर मला चढू देत नाही. काल म्हणाला, "मावशी, मला तर लगीन पन करायचं नव्हतं. मला कुनी इचारलंच न्हाई." मी म्हणाले, गड्या, तुला तरी कोण विचारणार.

रंभाजी तीन दिवस माझ्या कोपीकडं फिरकला नाही. मग म्हणाला, "आये, लोकं माज्या तोंडावर थुकतील. म्हातारीला उसात आनली म्हनतील." सून रडते.

त्यांचं सोसतं. रतनचं सोसत नाही. ती सकाळी माझ्या पाया पडून फडात जाते. माझ्या वाटणीचं पाणी आणते, भाकरी टाकते, गुडघ्याला तेल चोळते. म्हणते, "आत्या, पोर मागं ठिवली की जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई. वंगाळ कायबाय ऐकू येतं. लगीन झालं तर निदान डोळ्याम्होरं ऱ्हाईल, एवढंच बगितलं मी. तुमी आडव्या पडला म्हनून माज्या पोरीची शाळा वाचली."

ती तेल चोळते आणि मी चोळून घेते. टोळीतल्या बाया मला मोठी बाई म्हणायला लागल्यात. आज एकीनं आपलं पोर माझ्या पायावर घातलं. मी पाय ओढून घेतले.

सांगायला तोंड उघडते आणि गुडघ्याचं काहीतरी बोलते.

२१ जानेवारी, रविवार

बाई दोन्ही पोरींना घेऊन एस.टी.नं आल्या होत्या, आईबापांना भेटवायला. अश्विनी आल्या आल्या गळ्यात पडली, माझे हात बघितले आणि तोंड फिरवलं. बाई हसत होत्या, सविताला आताच्या चाचणीत गणितात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. अश्विनीपेक्षा पण जास्त. मला इतका आनंद झाला की मोळी बांधताना हात थांबले. दोघीही माझ्याच, असं मनात आलं, आणि त्याची लाज वाटली.

सविता फडात माझ्यामागं आली. ऊस गोळा करून द्यायला लागली. म्हणाली, "आजी, तुमी बसा, मी बांधते." तिनं मोळीला हात घातला आणि मला ते बघवेना. तिचे हात उसावर.

मी म्हणाले, "ठिव खाली. केशरबाईला तुजं नाव मी सांगितलं."

तिनं मोळी धरूनच ठेवली.

"आदी अश्विनीची मागनी आली हुती. मी म्हनले, आमची न्हाई, सविता बगा. बाईला तापाचं खोटं बोलले ते पन तुज्यासाठी न्हाई. माज्यासाठी बोलले."

"न्हाई म्हनायचं हुतं ना मंग. अश्विनीला न्हाई म्हनायचं. माजं नाव कशाला?"

"दुसरं सुचलं न्हाई."

"मी तुमच्या घरात झोपत हुते आजी. तुमच्या ताटात जेवत हुते." ती ओरडली नाही. गणित विचारावं तसं विचारलं. "मी अंगानं थोराड म्हनून सांगितलं, का मी तुमची न्हवं म्हनून?"

खोटं सांगता आलं असतं. थोराड म्हणून, असं म्हणाले असते तर पोरीला कमी लागलं असतं.

"तू माजी न्हवं म्हनून," मी म्हणाले.

तिनं मोळी हळूच खाली ठेवली. आईकडं गेली. लांबून दिसत होतं, रतन मोळी टाकून ऐकत होती. मग रतननं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली नाही, एवढं एक केलं.

एस.टी.ची वेळ झाली तेव्हा सविता एकटी माझ्याकडं आली. डोळे लाल होते पण बोलणं नीट. "उन्हाळ्यात तुमी माघारी आल्यावर मी तुमच्याकडं ऱ्हानार न्हाई. बाई नगरच्या वसतिगृहात बघनार हायेत. आईनं हो म्हनलंय."

मी म्हणाले, "बरं."

ती दोन पावलं गेली आणि वळली. "अश्विनीला पन तिकडंच धाडा. तिला पन तुमच्याजवळ ठिवू नका. पुन्हा केशरबाई आली तर आता नाव सांगायला दुसरी कुनी न्हाई."

अश्विनी बाईंपाशी उभी होती, माझ्याकडं बघून हात हलवत होती. ती घरात नसली तर मी कुणाशी बोलणार, भाकरी कुणाला करणार, कुणाचं कौतुक वाडीला सांगत फिरणार, हे सगळं त्या एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

मी सविताला म्हणाले, "धाडते. तू बाईला सांग, दोघींची नावं घाला म्हनावं."

"तुमीच सांगा," ती म्हणाली. "तुमी सांगितलं पायजे."

मी हातातला ऊस खाली ठेवला आणि बांधावरून बाईंकडं चालत गेले. एस.टी. येऊन उभी होती. सांगितलं.